घोड्याची वाटी अडकते? लिगामेंट कापण्याआधी या चुका टाळा

घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो ती मागच्या गुडघ्याच्या वाटीच्या जोरावर. वाटीला धरून तीन लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे चिवट पट्टे, असतात. त्यातलं आतल्या बाजूचं मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर आकड्यासारखं बसतं आणि पाय आपोआप ताठ राहतो. पाऊल उचलताना ते सुटलं नाही, की पाय मागे ताणलेलाच राहतो आणि खुराचं टोक जमिनीवर घासत जातं.

अशा वेळी चाबूक मारू नका. घोड्याला दोन-चार पावलं मागे न्या. लाथेच्या टप्प्याबाहेर राहून जाणकाराने वाटी आत आणि खाली दाबली, तर बहुतेकदा ती सुटते.

सगळ्यात महागात पडते ती ऑपरेशनची घाई. बैलाचं हे लिगामेंट कापलं, की तो लवकर कामाला लागतो. ते पाहिलेले मालक घोड्यासाठीही तोच हट्ट धरतात. घोड्यात मात्र कापल्यावर वाटीचा तोल बिघडतो, तिच्या खालच्या टोकाचे तुकडे पडू शकतात आणि सांधा कायमचा दुखरा होऊ शकतो. शिंगरं आणि तट्टं बहुधा मांडीचे स्नायू अशक्त असल्यामुळे अडकतात. त्यांना आराम म्हणून तबेल्यात बांधून ठेवलं, तर दुखणं वाढतंच. दात आणि जंत तपासा, खुराक सुधारा, रोज चढावर चालवा, नालबंदाकडून खूर नीट करून घ्या. काही आठवडे तरी हे मनापासून करून पाहा. पाय सुटतच नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

पाय पोटाकडे झटक्यात उचलला जात असेल, तर तो बहुधा वेगळा आजार असतो. तिथे हे लिगामेंट कापून काही साधत नाही.

शस्त्रक्रिया दोन प्रकारची आहे, आणि खरा घोळ होतो तो इथेच. एकीत लिगामेंट न तोडता त्यात बारीक चिरा देतात. भरून येताना ते जाड होतं आणि सहज अडकत नाही. यात हलका व्यायाम लवकर सुरू करतात. दुसरीत ते पूर्ण कापतात. घोडा लगेच मोकळा चालू लागतो, मालक आनंदाने खोगीर चढवतो, आणि वाटीचे तुकडे पडण्याचा धोका अशा घाईनेच वाढतो. त्याला दोन-तीन महिने विश्रांती द्यायलाच हवी. आपल्या घोड्यावर यातली कोणती केली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. धनुर्वाताची लस आधीच द्या. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.