फोमचे ईडीएफ जेट: बांधणी, समतोल आणि पहिले उड्डाण

रेडिओवर उडणाऱ्या प्रॉपेलरच्या मॉडेल विमानात थ्रॉटल (मोटरच्या ताकदीचे नियंत्रण) वाढवताच मागे फेकलेली हवा शेपटीवरून वाहू लागते, त्यामुळे विमान जवळजवळ थांबलेले असतानाही एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) आपले काम करतात. जेटमध्ये हीच हवा धडाच्या आतील नळीतून थेट मागच्या टोकाशी बाहेर पडते आणि एलेव्हेटरला मिळते ती केवळ विमानाच्या स्वतःच्या वेगामुळे अंगावर येणारी हवा. त्यातच फॅनला पूर्ण फेऱ्यांवर यायला थोडा अवधी लागतो, म्हणजे मागितलेला रेटा हाती उशिरा पडतो. बांधणीतील बहुतेक दक्षता आणि पहिल्या उड्डाणातील जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन गोष्टींतून निघतो.

येथे जेट म्हणजे ईडीएफ, अर्थात नळीत बसवलेल्या विजेच्या फॅनवर उडणारे मॉडेल, असे गृहीत धरले आहे. केरोसीनवरचे खरे टर्बाइन मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. ते हाताळण्यासाठी अनुभवी माणूस आणि अग्निशामक दोन्ही शेजारी असावे लागतात, म्हणून पहिल्या जेटसाठी त्याचा विचार करू नये. एलेरॉन (विमान बाजूला कलवणारे पंखांवरचे हलते भाग) असलेले, पंख खाली असलेले प्रॉपेलरचे मॉडेल ज्याला सहज उतरवता येते, त्यानेच जेटकडे वळावे. ६४ किंवा ७० मिलिमीटर फॅनचे, ईपीओ या चिवट फोमचे, सरळ किंवा किंचित मागे झुकलेल्या पंखांचे मॉडेल निवडावे. एल-३९ किंवा टी-३३ यांसारख्या प्रशिक्षण विमानांच्या प्रतिकृती यासाठी उत्तम असतात. एफ-१०४ दिसायला कितीही देखणे असले तरी त्याचे इवलेसे पंख नवशिक्याला हळू उडू देत नाहीत.

बांधणीची सुरुवात गोंदाने करू नये. सर्व भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत, पंखातील कार्बनची नळी शेवटपर्यंत जाते का आणि सर्व्होच्या (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) तारा कुठे चिमटत नाहीत ना, हे तपासावे, आणि मगच फोमला चालणारा सायनो किंवा इपॉक्सी गोंद वापरावा. सर्व्होंना वीज देऊन, ट्रिम (ट्रान्समीटरवरील बारीक दुरुस्ती) शून्यावर ठेवून ते मध्यावर आणावेत आणि त्यानंतरच त्यांचे हात हलत्या भागाकडे जाणाऱ्या दांडीशी काटकोनात बसवावेत. दांडी सर्व्होच्या हाताच्या आतल्या छिद्रात आणि हॉर्नच्या (हलत्या भागावरील छोट्या तरफेच्या) बाहेरच्या छिद्रात जोडली की हालचाल कमी पण नेमकी होते. जोडणीत खुळखुळ राहिली, तर जेटच्या वेगाला एलेव्हेटर थरथरू लागतो आणि ही थरथर क्षणार्धात शेपटी उखडू शकते. म्हणून सैल क्लेव्हिस (दांडीच्या टोकाची पकड) दिसला की तो बदलावा. त्यावर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये.

फॅन मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेतो, त्यामुळे पात्यातील अगदी सूक्ष्म असमतोलही कर्कश आवाज आणि कंपनाच्या रूपाने जाणवतो. तो संतुलित करूनच बसवावा. मोटर उलटी फिरत असेल, तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. नळीत सुटी तार, गोंदाचा थेंब किंवा स्क्रू राहता कामा नये, कारण फॅन ते सर्व आत ओढून घेतो. ईएससीला (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटला) वाहती हवा मिळाली पाहिजे. बॅटरी आणि ईएससी यांमधील तारा मात्र लांबवू नयेत. अंतर जास्तच असेल, तर मोटरकडच्या तारा लांबवणे अधिक सुरक्षित असते.

आता गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलले जाते तो बिंदू. पहिल्याच उड्डाणात जेट कोसळते तेव्हा मला आधी संशय येतो तो याचाच, आणि झुकलेल्या पंखांच्या बाबतीत तो डोळ्यांच्या अंदाजाने ठरवणे निव्वळ धोक्याचे आहे. माहितीपुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळावा; नसेल तर गणित करावे. समजा, पंखाची धडाच्या मध्यरेषेवरील रुंदी २४० मिलिमीटर, टोकाची १२०, एका बाजूच्या पंखाची लांबी ५०० आणि टोकाची पुढची कड मुळाच्या पुढच्या कडेपेक्षा १८२ मिलिमीटर मागे आहे. टोक आणि मूळ यांच्या रुंदीचे गुणोत्तर ०.५ येते. अशा पंखाची सरासरी वायुगतिक रुंदी सुमारे १८७ मिलिमीटर भरते आणि ती मध्यरेषेपासून ५०० पैकी २२२ मिलिमीटरवर असते. तेथे पुढची कड ८१ मिलिमीटर मागे गेलेली असते. पहिल्या उड्डाणासाठी या सरासरी रुंदीचा पुढचा २५ टक्के भाग, म्हणजे ४७ मिलिमीटर, धरावा. ८१ आणि ४७ मिळून मुळाच्या पुढच्या कडेपासून १२८ मिलिमीटरवर विमान तोलले गेले पाहिजे. पंख खाली असलेले मॉडेल उलटे धरून, बॅटरी जागेवर ठेवून तोलावे. मोजमापात शंका राहिली तर नाक किंचित जड ठेवावे. नाक जड असलेले विमान आळशी उडते, पण शेपटी जड असलेले हाती राहत नाही.

यानंतर जमिनीवरची तपासणी. एलेरॉनची स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जातो, स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर जातो, हे विमानाच्या मागे उभे राहून पाहावे. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ हालचाल सौम्य करणारी सोय) २५ ते ३० टक्के ठेवावा आणि कमी हालचालीचा ड्युअल रेटही लावून ठेवावा. ट्रान्समीटर बंद करताच थ्रॉटल शून्यावर येतो का, हे विमान घट्ट धरून तपासावे आणि रेंजची चाचणी पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर करावी. वॉटमीटर जोडून पूर्ण थ्रॉटलला किती अँपिअर लागतात ते मोजावे. तो आकडा ईएससीच्या क्षमतेच्या बराच खाली असावा. या मोजमापावरूनच उड्डाणाचा वेळ ठरतो. ४,००० एमएएचच्या बॅटरीतील २० टक्के राखून ठेवले, तर ७० अँपिअरला जेमतेम पावणेतीन मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात थ्रॉटल सतत पूर्ण नसतो, तरीही पहिल्या उड्डाणाचा टायमर तीन मिनिटांचाच लावावा. करड्या रंगाचे जेट ढगाळ आकाशात दिसेनासे होते, म्हणून एका पंखाच्या खालच्या बाजूला ठळक रंगाचा पट्टा द्यावा.

उड्डाणासाठी त्या ठिकाणचे नियम परवानगी देतात असे मोकळे मैदान, लांब आणि गुळगुळीत धावपट्टी आणि तिच्या दिशेने येणारा मंद वारा हवा. टायमरवर लक्ष ठेवून वेळ सांगणारा एक सोबती बरोबर असावा. थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत हळूहळू पूर्ण करावा आणि पुढच्या चाकाने दिशा सांभाळत विमानाला भरपूर धावू द्यावे. सुरुवातीला एलेव्हेटर ओढूनही काही घडत नाही. म्हणून घाईने तो आणखी ओढला, तर वेग येताच विमान अचानक नाक वर करते आणि स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल संपून पडते. जमीन सुटल्यावर चढ उथळ ठेवावा आणि वेग जमेपर्यंत वळण घेऊ नये.

पुरेशी उंची मिळाली की चाके आत घ्यावीत, थ्रॉटल दोन-तृतीयांशावर आणून ट्रिम करावे आणि मोठमोठी, सौम्य वळणे घ्यावीत. कसरतींचा मोह टाळावा. या उड्डाणाचे खरे काम उतरण्याची तयारी हेच आहे. उंचावरच चाके आणि फ्लॅप (हळू उडण्यासाठी पंखांमागून खाली येणारे भाग) खाली घेऊन, थ्रॉटल कमी करत नाक किंवा एक पंख केव्हा पडतो ते पाहावे. हा वेग डोळ्यांत बसला की उतरताना त्याच्या बराच वर राहता येते.

उतरण्याची शेवटची सरळ रेषा लांब ठेवावी. थ्रॉटल शून्यावर न आणता तीस-चाळीस टक्क्यांवर धरावा, म्हणजे फॅन फिरता राहतो आणि गरज पडताच रेटा लवकर मिळतो. नाकाचा कोन एलेव्हेटरने आणि खाली येण्याची गती थ्रॉटलने राखावी. विमान उंच किंवा वाकडे येत असेल, तर धावपट्टीच्या बरेच आधीच न उतरता पुन्हा फेरी मारण्याचा निर्णय घेऊन पूर्ण थ्रॉटल द्यावा. जमिनीला टेकता टेकता घेतलेला हा निर्णय जेटमध्ये फळाला येत नाही. धावपट्टीवर पोहोचल्यावरच थ्रॉटल बंद करून विमान मागच्या चाकांवर टेकवावे.

खाली आल्यावर बॅटरीच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजावा. थोडी विसावल्यावरही तो ३.७ च्या खाली असेल, तर टायमर अर्ध्या मिनिटाने कमी करावा. बिजागऱ्या, फॅनची पाती आणि मोटरचे स्क्रू पाहून घ्यावेत. पुढच्या उड्डाणात उंचावरून थ्रॉटल बंद करून विमानाला सुमारे ४५ अंशांत खाली सोडावे आणि एलेव्हेटरची स्टिक मोकळी ठेवावी. विमान स्वतःहून जोरात वर येऊ लागले तर नाक जड आहे, आणखी खाली मुडपू लागले तर शेपटी जड आहे. त्यानुसार बॅटरी एका वेळी चार-पाच मिलिमीटरच सरकवावी आणि प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा घ्यावी.