खाऱ्या पाण्याचा पंप घेताना आधी हेड मोजा, मग धातू विचारा

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोळंबीचं बीज सोडणाऱ्यांची पंपखरेदी त्याआधी, तलाव सुकत असतानाच होते. दुकानात 'हाय प्रेशर घ्या, दणकट असतो' असं हमखास ऐकायला मिळतं. तलाव भरायला हा सल्ला साफ चुकीचा आहे.

खाडीपासून बांधावर पाणी चढवायला पाइपातलं घर्षण धरूनही बहुतेक ठिकाणी ५-६ मीटर हेड, म्हणजे पंपाने पाणी चढवायची एकूण उंची, पुरतं. १० मीटरला साधारण १ किलो प्रेशर, म्हणजे आपल्याला लागतं जेमतेम अर्धा किलो. लागतं ते पाणी! १ हेक्टर तलावात १.२ मीटर पाणी म्हणजे १२,००० घनमीटर. तासाला ३०० घनमीटर देणाऱ्या पंपाला ४० तास लागतील, आणि खाडीला उपसण्याजोगं पाणी असतं भरतीच्या आगेमागेच. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठा. भांगावर, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, भरायला बसलात तर आठवडा जाईल. एवढं पाणी ५ मीटर चढवायला १० एचपीची मोटर पुरते. तेच ३० मीटर हेडला पन्नासच्या वर एचपी मागेल. शिवाय ३० मीटरचा साधा सेंट्रिफ्यूगल पंप ५ मीटरवर चालवला तर ॲम्पिअर चढतात, मोटर तापते. सक्शनची, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची, उंची मात्र सुकतीच्या (ओहोटीच्या) पातळीपासून मोजा आणि ४ मीटरच्या आत ठेवा.

आता धातू. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पंप खाऱ्या पाण्यात वरून धड दिसतो, पण लोखंड विरघळून आत नुसतं ग्रॅफाइट उरतं. केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, चाकूने खरवडलं तर पेन्सिलीसारखी काळी पूड निघते. तरी जाड बिडाचं केसिंग आणि ब्राँझचा इंपेलर (आतलं फिरणारं पातं) ही जोडी तलावासाठी परवडते, कारण केसिंग झिजतं आणि इंपेलर वाचतो. पितळ नको, त्यातलं जस्त निघून जातं. स्टेनलेसमध्ये ३०४ घेऊच नका. ३१६ वाहत्या पाण्यात बरं, पण पंप बंद असताना आत साचलेल्या खाऱ्या पाण्याने त्यालाही टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून काम संपलं की गोड्या पाण्याने धुऊन पंप रिकामा करा.

चुंबक लावून स्टेनलेस पारखण्याची सवय इथे फसवते. ३०४ आणि ३१६, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. त्यांच्याहून खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या डुप्लेक्स जातीच्या स्टेनलेसला मात्र चिकटतो! म्हणजे चुंबकाच्या भरवशावर चांगला माल परत जायचा. ग्रेड लिहिलेलं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटच मागा.

खरं हाय प्रेशर लागतं ते समुद्राचं पाणी आरओने गोडं करताना. हॅचरीवाले (कोळंबीचं बीज तयार करणारे) किंवा गोड्या पाण्याची टंचाई असलेले काही जण ते बसवतात. पूर्ण खाऱ्या समुद्राच्या पाण्याचा ऑस्मॉटिक दाबच (मिठामुळे पाणी उलटं ओढणारा दाब) २५ बारच्या वर असतो (१ बार म्हणजे साधारण १ किलो), त्यामुळे मेम्ब्रेनवर, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यावर, ५५ ते ७० बार द्यावे लागतात. छोट्या प्लांटला प्लंजर किंवा अ‍ॅक्शियल पिस्टन पंप योग्य. इथे काटकसर नको: पंपाचे ओले भाग आणि प्रेशरची पाइपलाइन सुपर डुप्लेक्सची (डुप्लेक्सच्याही वरच्या ग्रेडची) घ्या, ३१६ नको. पिस्टन पंपाला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) हवाच, कारण पुढचा व्हॉल्व्ह बंद राहिला तरी तो दाब वाढवतच राहतो आणि काहीतरी फुटतं. पंपाच्या आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा. खाडीच्या गाळाने सील (शाफ्टजवळची गळती रोखणारे भाग) आधी जातात.

तलावात ब्लीचिंग (क्लोरीनची पावडर टाकून निर्जंतुकीकरण) केलं असेल तर ते पाणी आरओला जोडू नका. क्लोरीन मेम्ब्रेन खातं, स्टेनलेसलाही सोडत नाही.

कोटेशनवर 'एवढ्या हेडला एवढा डिस्चार्ज (तासाला किती पाणी)', केसिंग, इंपेलर आणि शाफ्टचं मटेरियल, सीलचा प्रकार लिहून घ्या. मेकॅनिकल सील असेल तर सिलिकॉन कार्बाइडचा घ्या आणि बीज सोडण्याआधी एक जास्तीचा आणून ठेवा.