लिंबाची गुटी फसते कुठे? या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या अंगणातल्या कागदी लिंबावर पहिल्या पावसाळ्यात पाच गुट्या बांधल्या, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिच्या सालीचं गोल कडं काढलं आणि तिथे मुळं फुटावीत म्हणून ओलं शेवाळ प्लास्टिकनं गुंडाळलं. दोन महिन्यांनी सोडून बघते तर एकीलाही मूळ नाही. शेवाळ ओलं, फांदी हिरवीगार आणि कापल्या जागी साल पुन्हा जुळून आलेली!

चूक तिथेच होती. साल काढली की खाली एक बुळबुळीत थर उरतो. तो चाकूच्या पाठीनं खरवडला नाही तर झाड जखम भरून टाकतं. पानांकडून खाली येणारं अन्न त्या जागी अडलं, तरच मुळ्या फुटतात. बोट फिरवून बघा. घसरलं तर अजून खरवडा. कडं अडीच-तीन सेंटिमीटर रुंद हवं, माझं जेमतेम एक होतं. मात्र लाकडात चाकू रुतवू नका, पाणी तिथूनच वर चढतं.

फांदी पेन्सिलीएवढी, साधारण वर्षाची घ्या. सरळ वर धावणारे काटेरी पानसोट नकोत. पानं पिवळी पडलेल्या, आजारी झाडाची तर मुळीच नको. रोग कलमाबरोबर येतो.

शेवाळ भिजवून घट्ट पिळायचं, मुठीतून थेंब गळता कामा नये. प्लास्टिकचं वरचं टोक सैल राहिलं की पाऊस आत शिरतो आणि सगळं कुजतं. आमच्याकडे खारींनी दोन गुट्या फाडल्या, तेव्हापासून वरून जुना मोजा चढवते. ऊनही लागत नाही.

मे महिन्यात बांधू नका, शेवाळ वाळतं. जूनअखेर पाऊस लागला की बांधा. सहा-आठ आठवड्यांनी प्लास्टिकमधून मुळ्या दिसतात, पण पहिलं पांढरं मूळ दिसताच कापायची घाई नको. गोळा मुळ्यांनी भरू द्या. मग गुटीच्या खाली अर्धी खाच द्या आणि आठवड्यानं पूर्ण कापा. निम्मी पानं काढून ती कुंडीत लावा आणि कुंडी सावलीत ठेवा. आणि हो, लावताना प्लास्टिक सोडा! शेजारच्या काकूंनी तसंच पुरलं होतं.

माळव्याची काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून ठेवते, कोवळी मुळं सडतात. तिच्यात वाळू आणि कुजलेलं कंपोस्ट मिसळा. इंग्रज शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची जगभर गेलेली कंपोस्ट पद्धत इथलीच, तिला नावच 'इंदूर पद्धत'; निदान इंदूरकरांनी तरी कच्चं शेण घालू नये.

गुटीला सोटमूळ नसतं, वाऱ्यात रोप कलंडतं. पहिली दोन वर्षं काठीचा आधार द्या, सुतळी सैल बांधून.