खाज, दह्यासारखं पांढरं जाणं आणि एक गोळी

दाढेसाठी घेतलेलं अँटिबायोटिक संपलं आणि लगेच खाली खाज सुटली. लघवीला जाताना आग, अंगावरून पांढरं, दह्याच्या कवडीसारखं जायचं. वास मात्र नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, "उष्णता झाली, सब्जा पी." सब्जा प्यायले, खाज तशीच. मेडिकलवाल्यानं न विचारताच खाजेची ट्यूब काढली. तिच्यावर क्लोबेटासोल वाचून परत केली. ते स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी मात्र वाढते.

आशाताईंसोबत आरोग्य केंद्रात गेले. मॅडमनी तपासून सांगितलं, हा कँडिडा, म्हणजे बुरशी. ती अंगात थोडी असतेच. अँटिबायोटिकनं तिला आवरणारे चांगले जंतू मेले की माजते. म्हणजे यात कुणाच्या चारित्र्याचा संबंध नाही. (हे गावातल्या निम्म्या बायांना सांगायला पाहिजे!) गर्भ नाही ना, हे विचारूनच फ्लुकोनॅझोल १५० मिलीग्रॅमची एक गोळी दिली. दिवस गेले असतील तर ही नको, बुरशीवरचंच क्लोट्रिमॅझोल योनीत आत ठेवायचं. साखरही तपासली, कारण शुगरवाल्यांना हे पुन्हा पुन्हा होतं. माशासारखा वास, हिरवट स्राव, ताप किंवा पोटात दुखणं असेल तर दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

डेटॉल, साबण बंद; नुसतं पाणी. निंदणाहून आलं की ओले कपडे आधी बदलायचे. निकर सुती, आणि साडीखाली लपवून नाही, उन्हात वाळवायची. सासूबाईंनी नाक मुरडलं, मुरडू दे.

आठवड्याच्या आत आराम पडला. ह्यांना काही त्रास नव्हता, म्हणून त्यांना औषध दिलं नाही.