हेपरनेज मोजताना: नळीच्या झाकणापासून प्लेटपर्यंत

विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं नव्याने सांगायला नको. त्यावर काम करणाऱ्याला आज ना उद्या हेपरनेज मोजावंसं वाटतंच. हे एन्झाइम पेशींभोवतीच्या जाळीतल्या हेपरान सल्फेटच्या, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या, लांब साखळ्या मधूनच कापतं. जाळी सैल पडली की कॅन्सरपेशीला पुढे सरकायला वाट मिळते. साखळ्यांना चिकटून बसलेले व्हीईजीएफसारखे वाढीचे घटकही सुटे होतात, मग गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण ही कात्री फक्त कॅन्सरमध्ये चालते असं नाही. ज्या उंदरांत हेपरनेज नाही त्यांना मधुमेह जडवला तरी लघवीतून प्रथिनं जात नाहीत, हे २०१२ साली दिसलं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही हेच एन्झाइम झिजवतं.

आधी एक ठरवा: एन्झाइम किती आहे ते मोजायचंय, की ते किती कापतंय ते? हेपरनेज पेशीत ६५ किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात तयार होतं. कॅथेप्सिन एल त्यातला मधला तुकडा काढून टाकतं आणि उरलेले ५० व ८ किलोडाल्टनचे दोन भाग एकत्र राहून काम करतात. एन्झाइम किती आहे ते अँटीबॉडीने मोजणाऱ्या एलायझा किटमधल्या अँटीबॉडीला हा फरक कळतो की नाही, हे किट मागवण्याआधी विचारून घ्या. नाहीतर निष्क्रिय साठाच मोजून बसाल.

रक्त घेताना हिरव्या झाकणाची नळी अजिबात नको. तिच्यात हेपरिन असतं आणि हेपरिन हेपरनेजला रोखतं. लाल झाकणही नको, कारण प्लेटलेट्समध्ये हेपरनेज भरपूर असतं. रक्त गोठताना ते सीरममध्ये उतरतं आणि आकडा फुगतो, गाठ असो वा नसो. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी घ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट) १५ मिनिटं फिरवा, वरचा प्लाझ्मा नव्या नळीत काढा आणि २५०० जी वर पुन्हा १५ मिनिटं फिरवा. तळाचा थोडा भाग सोडून द्या. रुग्ण डायलिसिसवर असेल किंवा हेपरिनची इंजेक्शनं चालू असतील तर फॉर्मवर तशी नोंद हवी.

इथे नागपूरचा मे महिना आडवा येतो. प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे १८ ते २५ अंश, आपल्याकडचं दुपारचं ४४ नव्हे. मेडिकल चौकातून अमरावती रोडच्या कॅम्पसपर्यंत नमुना गाडीच्या डिकीत टाकून नेला तर तो वाया गेला समजा. म्हणून थेट बर्फात खुपसणंही चूक, कारण गारठ्याने प्लेटलेट्स चेकाळतात. जाड थर्माकोलचा डबा, आत गार जेलपॅक, मध्ये कापडाची घडी आणि एक थर्मामीटर एवढं पुरतं. त्याहून बरं म्हणजे रक्त काढलं तिथेच फिरवून घ्यावं. प्लाझ्मा वेगळा झाल्यावर मात्र छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा.

क्रिया मोजायला फोन्डापॅरिनक्सची पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. औषध म्हणून मिळणारी ही पाच साखरांची साखळी. तिचं टोक मिथाइल गटाने बंद असल्याने ती स्वतः रंग देत नाही. हेपरनेजने एकदा कापली की उघडं टोक तयार होतं आणि डब्ल्यूएसटी-१ हे रसायन त्याच्याशी मिळून रंग देतं. २.५ मिलिग्रॅमच्या एका सिरिंजमध्ये साधारण १.४५ मायक्रोमोल माल असतो. १०० मायक्रोमोलरला तो जवळपास १४.५ मिलिलिटर होतो, म्हणजे १०० मायक्रोलिटरचे प्लेटमधले सुमारे १४५ खळगे (वेल). (पिपेटच्या टोकाला थोडं जातंच, १३० धरून चला.)

बफर ४० मिलिमोलर सोडियम अॅसिटेटचा, पीएच ५.०. त्यासाठी लिटरभर पाण्यात ५.४४ ग्रॅम ट्रायहायड्रेट मीठ विरघळवा. दुसऱ्या लिटरमध्ये २.३ मिलिलिटर ग्लेशिअल अॅसेटिक अॅसिड घाला. पहिल्याचे ६४ आणि दुसऱ्याचे ३६ भाग मिसळा आणि ४ व ७ च्या बफरवर लावलेल्या मीटरवर तपासा. रक्ताच्या ७.४ पीएचला हे एन्झाइम जवळजवळ काहीच कापत नाही, त्यामुळे सवयीने पीबीएस (रक्ताच्या पीएचचा नेहमीचा फॉस्फेट बफर) वापरलं की प्लेट कोरी येते.

प्लेट आधी ४ टक्के बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) दोन तास ३७ अंशांवर भिजवा, नाहीतर थोडंसं असलेलं एन्झाइम प्लास्टिकलाच चिकटतं. मग एन्झाइम आणि फोन्डापॅरिनक्स एकत्र ३७ अंशांवर ठेवा, क्रियेनुसार २ ते २४ तास. थांबवायला तेवढंच, म्हणजे १०० मायक्रोलिटर डब्ल्यूएसटी-१ घाला: १.६९ मिलिमोलर, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. प्लेट चिकटपट्टीने घट्ट बंद करून ६० अंशांवर तासभर ठेवा आणि ५८४ नॅनोमीटरला वाचा. पट्टी सैल राहिली तर कडेच्या वेलमधलं पाणी उडतं आणि तिथले आकडे वर जातात. तुलनेसाठी त्याच बफरमध्ये गॅलॅक्टोजचे २ ते १०० मायक्रोमोलर नमुने लावा.

आता खरा घात कुठे होतो ते. डब्ल्यूएसटी-१ ला साखर कुठली याच्याशी देणंघेणं नाही. दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असलेला प्लाझ्मा म्हणजे ५.५ मिलिमोलर. त्यातले १० मायक्रोलिटर वेलमध्ये घातले की ५५० मायक्रोमोलर ग्लुकोज आलं, आणि सगळं फोन्डापॅरिनक्स कापलं गेलं तरी उघडी टोकं फक्त १०० मायक्रोमोलर. मधुमेही रुग्णात ‘हेपरनेज वाढलेलं’ दिसेल, प्रत्यक्षात ती साखर असेल. म्हणून प्लाझ्मावर ही पद्धत नको; ती शुद्ध एन्झाइमवर आणि त्याला रोखणारी द्रव्यं तपासायला वापरा. पेशींचा अर्क घ्यायचाच असेल तर प्रयोगशाळेतल्या पडद्याच्या पिशवीत डायलिसिस करून साखर काढा, डीटीटीसारखी क्षपणकं (रिड्यूसिंग एजंट) टाळा. प्रत्येक नमुन्याचा फोन्डापॅरिनक्सविना एक वेल आणि हेपरिन घातलेला एक वेल हवाच. हेपरिनने रंग उतरत नसेल तर तो रंग हेपरनेजचा नाही.

आकडा नीट आला तरी तो रुग्णाच्या फाइलमध्ये लावू नका. हेपरनेजला रोखण्यासाठी बनवलेली मुपारफोस्टॅट, रोनेपारस्टॅट, पिक्साटिमोड ही द्रव्यं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली, पण त्या आकड्यावरून ठरवता येईल असा उपचार ओपीडीत नाही.