मायक्रोबायोलॉजी करून पोथ्या-पेंटिंगच्या कामात यायचंय? मग आधी हे वाचा

दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच की बीएस्सी मायक्रो झालंय, फार्मा कंपनीत क्यूसी (मालाची क्वालिटी तपासणं) करत बसायचं नाहीये, हेरिटेजमध्ये काही स्कोप आहे का. आहे. पैसे सुरुवातीला बेताचेच, पण काम आहे. फक्त येताना बुरशी दिसली की मारायची ही खुमखुमी घरी ठेवून या. माझी होती, म्हणून सांगतेय.

इंटर्नशिपला एका जुन्या वाचनालयात होते, जुलै महिना, कोकणातला पाऊस. कपाटातनं लाल कापडात बांधलेली पोथी काढली, गाठ सोडली तर पानांच्या कडेला हिरवट राखाडी लव आलेली. मी शहाणी, 70 टक्के अल्कोहोलमध्ये कापूस बुडवला आणि लागले पुसायला. बुरशी ओली, जिवंत, तिचे धागे कागदात आत शिरलेले, त्यामुळे डाग निघायचा राहिला बाजूला, अख्ख्या समासात पसरला, वर लाल शाईचे दंड उठून कापसावर आले. कारण 70 टक्के अल्कोहोल म्हणजे उरलेलं 30 टक्के पाणीच की, आणि डिंकातली शाई पाण्यात थोडीच टिकते! सर काही बोलले नाहीत, पान बाजूला ठेवलं फक्त. ते जास्त लागलं.

खरी पद्धत अशी की पोथी वेगळी ठेवायची म्हणजे बाकीच्यांना लागण नको, सावलीत, कोरड्या हवेत सुकू द्यायची, बुरशी झोपली आणि भुकटीसारखी झाली की मग मऊ ब्रशने अलगद हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमकडे ढकलायची. एन-95 मास्क आणि ग्लोव्हज घालूनच, अ‍ॅस्परजिलस बुरशी फुफ्फुसात गेली तर तुमचंच नुकसान. अल्कोहोल सगळ्यात शेवटी, तेही कोपऱ्यात शाईची टेस्ट घेऊन, आणि बऱ्याचदा लागतच नाही.

कॉलेजात आपण प्लेट लावतो, कॉलनी मोजतो, नाव लिहितो, खूश. इथे नावाला तेवढी किंमत नाही. किटोमियम असो की पेनिसिलियम, बहुतेकांना आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की मजा येते, ते सेल्युलेज नावाचं एन्झाइम सोडतात, कागदाचं सेल्युलोज तोडून साखर करून खातात, बाइंडिंगची खळ आणि सरस तर त्यांना आयतंच जेवण, शिवाय अ‍ॅसिड सोडतात त्याने कागद ठिसूळ होतो. म्हणून बुरशी दिसली की आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा. मी पाहिलेल्या निम्म्या केसेसमध्ये कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं होतं किंवा एसी दिवसा चालू आणि संध्याकाळी वॉचमन बंद करून घरी, रात्रभर थंड कपाटावर दमट हवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, धूळ झाडा, आर्द्रता-तापमान नोंदवणारा डेटा लॉगर ठेवा. याला कोणी रिसर्च म्हणत नाही, ते सोडा.

औषधावर भरवसा ठेवल्यावर काय होतं ते फ्रान्सच्या लास्को गुहेत, आदिमानवाच्या भिंतीवरच्या चित्रांच्या बाबतीत दिसतं. 1940 मध्ये सापडली, माणसांच्या गर्दीने आणि दिव्यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, 1963 मध्ये बंद केली. 2001 मध्ये फ्युझेरियमची पांढरी बुरशी आली म्हणून जमिनीवर चुना टाकला, बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक मारलं, आणि काही वर्षांत काळे डाग आले. संशोधकांचं म्हणणं की वर्षानुवर्षं मारलेल्या औषधाला दाद न देणारे बॅक्टेरिया तेवढे मागे उरले. म्हणजे अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा तास आठवा, फक्त पेशंट जवळपास सतरा हजार वर्षांचा.

दगडाचं काम वेगळं आहे, त्यात फार शिरत नाही. एवढंच की गडावर स्वच्छतेच्या मोहिमेत तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड घेऊन शेवाळं घासणाऱ्यांना कृपा करून थांबवा. दगडफूल दगडाच्या आत रुतलेलं असतं, घासलं की वरचा पापुद्रा सोबत येतो, मग खरबरीत झालेल्या दगडावर पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट. आणि संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावायचा नसतो हे वेगळंच.

शिकायचं कुठे तर लखनौची एनआरएलसी, म्हणजे सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा बघा, 1976 पासून संवर्धनाच्या संशोधनाचं आणि ट्रेनिंगचं काम तिथे चालतं. पुरातत्त्व खात्याची सायन्स ब्रँच डेहराडूनला आहे. मुंबईत शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे. केमिस्ट्री कच्ची असेल तर आत्ताच पक्की करा, मला दोन वर्षं त्यातच गेली. मोडी किंवा जुनी देवनागरी थोडी वाचता आली तर पोथीवाले लोक जास्त विश्वासाने पोथी हातात देतात, हा माझा अनुभव.

आणि हो, पोथीत कुठे पिवळा लेप दिसला तर नुसत्या बोटाने खरवडू नका. ती हरताळ असते, चुकलेली अक्षरं खोडायला फासायचे, हरताळ फासणे तिथूनच आलंय. आर्सेनिक असतं त्यात, किडे उगाच लांब राहत नाहीत. माझ्या मैत्रिणीने नखाने खरवडून वास घेतला होता, दिवसभर हात धूत बसली.