धातू नसलेलं जग रचायचंय? आधी वावर नांगरून बघा

कथेतल्या जगात लोखंड अजिबातच नाही, असं लिहू नका. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनलाच ते लागतं. पृथ्वीच्या कवचात वजनाने साधारण 5 टक्के लोखंड आहे. आमच्या यवतमाळकडच्या काळ्या मातीखालच्या बेसॉल्टमध्येही आहे, पण खडकभर विखुरलेलं, म्हणून ते कोणी गाळत नाही. गडचिरोलीत सूरजागडला मात्र त्याचे डोंगर आहेत. तेव्हा तुमच्या जगात धातू असू द्या, साठे नको. प्राचीन समुद्रात विरघळलेलं लोखंड प्राणवायूमुळे तळाशी बसलं, त्यातून पृथ्वीवरचे मोठे साठे झाले. तुमच्याकडे तो तळ कधी वर आलाच नाही, एवढं कारण पुरतं.

मग राजे-लढाया बाजूला ठेवा आणि एका कास्तकाराचा दिवस लिहा. मी आमच्या वावरात उभी राहून एकेक लोखंड मनातून काढत जाते. नांगराचा फाळ काढला की तडकलेली भारी जमीन नुसत्या लाकडाला दाद देत नाही. वखराची पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं, काढली की सगळं तण हातानं उपटायचं. म्हणजे ही माणसं काळी जमीन सोडून नदीकाठच्या गाळात पेरणार. सब्बल नाही, तर कातळात खोल विहीर नाही. गाव झऱ्याला धरून वसणार. इळा मात्र जमतो: नाल्यातल्या गारगोटीची पाती लाकडाच्या खाचेत पळसावरच्या लाखेनं घट्ट बसवा, जवारी कापली जाते.

पण या लोकांना रानटी ठरवू नका, याचा मला फार राग येतो. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान शहरात धातूच्या अवजारांविना 1 लाखाच्या आसपास माणसं राहत होती. पाती ज्वालामुखीच्या काचेची. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी धातूविना पॅसिफिक ओलांडत होते.

सगळ्यात जास्त विचार याचा करा: जो थोडा धातू आहे, तो कोणाकडे? इजिप्तचा राजा तुतनखामुनच्या थडग्यातली लोखंडी कट्यार उल्केच्या लोखंडाची आहे. असं आभाळातून पडलेलं लोखंड राजाकडेच जाणार. उलट आपल्या विदर्भात नायकुंडला इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास लोखंड गाळायची भट्टी होती, आणि इथल्या शिळावर्तुळांत मेलेल्यांसोबत कुऱ्हाडी, छिन्न्या पुरलेल्या सापडतात. पुरून टाकण्याइतकं लोखंड त्यांना परवडत होतं. तुमच्या जगात धातू मातीत जाणार नाही, त्याच्या वाटण्या होतील. घरात तांब्याची एकच सुई असेल, तर ती आईनंतर लेकीला मिळते की सुनेला, हे पहिल्या प्रकरणाआधीच ठरवा.